दुसऱ्या नंबरची डिस्क

४ जून

भाऊजी,

फोन करू नका, उत्तर पत्रानेच द्या. मी फोन कानाला लावला की हे माझ्या शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "कोण गेलं?" काल चष्म्याच्या दुकानातून फोन होता, तरी कुणी गेलं नाही हे पटवता पटवता माझा घसा बसला. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. बाहेरून वाटतं, यादी करतेय.

ह्यांनी कॉम्प्युटरचं मशीन उघडलं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात. बाहेर येऊन बघते तर ती काळी पेटी पोटापर्यंत उघडी, आणि आतल्या चारही डिस्क पलंगावर टॉवेलवर ओळीने निजवलेल्या, वर माझी शाल. म्हणाले, "किती वर्षं गरगर फिरतायत बिचाऱ्या. झोपू दे जरा." मी होत्या तशा परत बसवल्या, म्हणजे मला वाटतं होत्या तशा. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी उमटतं आणि गाडी तिथेच अडते.

त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. खारू गेली तेव्हा मीच म्हटलं होतं की घरात तिचा एकही फोटो नको, दिसला तर मी वेडी होईन. ह्यांनी वाद घातला नाही. भिंतीवरचे, आल्बममधले, सगळे त्या मशीनमध्ये उतरवले. कागदाचे कुठे नेले ते मी विचारलं नाही. त्यानंतर इतकी वर्षं मी त्या पेटीवरची धूळ पुसत आले, आत डोकावले नाही.

आता बघायचेत, पण माझ्यासाठी नाही. वर्षभर हे रोज संध्याकाळी विचारायचे, "खारू शाळेतून आली का?" रोज मी सांगायची. रोज त्यांना ते पहिल्यांदा कळायचं. मला वाटायचं, एकदाचे हे विचारायचे थांबू देत. महिन्यापूर्वी थांबले. परवा मी मुद्दाम म्हटलं, "खारूची आठवण येते का हो?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असेल झाडावर."

डॉक्टरीणबाई म्हणतात, नावं आधी जातात, चेहरे थोडे जास्त टिकतात, दाखवून बघा. पण लवकर. तिला आई-बाप मिळून माणसं दोन, भाऊजी, आणि त्यातलं एक निघालंय.

मशीन चालू करून द्या.

— वहिनी

१२ जून

वहिनी,

फोन करत नाही. तसाही माझा आवाज फोनवर कुणाला आवडत नाही. समोर बसल्यावरही आवडत नाही, पण समोरच्याला ठेवून देता येत नाही.

आधी तुम्हाला त्या पेटीतलं राजकारण समजावतो, म्हणजे पडद्यावरच्या इंग्रजीचा धाक वाटणार नाही. त्या डिस्क म्हणजे सुना. त्या ज्याला जोडल्यात ते कंट्रोलर कार्ड म्हणजे सासू. कोणी कुठे बसायचं, कोणी काय सांभाळायचं, सगळं सासू ठरवणार. एक फोटो आला की ती त्याचे तुकडे करून प्रत्येक सुनेच्या पदरात एकेक टाकते. पूर्ण फोटो कुणाकडेच नाही, म्हणजे कुणी वेगळं निघायचं नाव काढत नाही. शिवाय हिशेब असा चोख, की एखादी गेली तर उरलेल्यांकडून तिचा वाटा जुळवता येतो. एक गेली तर निभतं, दोन गेल्या तर घर बसलं. दादाने हे सगळं हौसेने मांडलं होतं. आपल्या घरात जे जमलं नाही ते त्याने पत्र्याच्या पेटीत करून दाखवलं.

त्या पेटीचा सगळा कारभार बघतं ते लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातलं. स्वभाव दादासारखाच. विचारल्याशिवाय बोलणार नाही, बोललंच तर एक ओळ, आणि ती ओळ वाचून माणसाला आपलं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटणार.

घाबरू नका. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या मशीनींचा आजार म्हणजे धूळ. गिऱ्हाईक म्हणतं, "बाकी सगळं उत्तम आहे, फक्त चालू होत नाही." मी फुंकर मारतो आणि गंभीर चेहरा करतो. तुम्ही हे करा: वायर काढा, कार्ड उपसा, त्याच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा, ब्रशने आतली धूळ काढा, परत बसवा आणि चालू करा. आणि एक बजावून ठेवतो. आधी साफ करा. सगळ्यात आधी साफ, मग पुढचं. साफ न करता पुढे गेलात तर मला बोल लावायचा नाही.

दादाला माझा नमस्कार सांगा. कोण म्हणून विचारलं तर सांगा, तोच तो, सायकल पंक्चर करणारा.

— भाऊजी

१९ जून

भाऊजी,

तुम्ही सांगितलंत तसं अक्षर न् अक्षर केलं. तुमचं पत्र पेटीलाच चिकटवलं होतं. खोडरबर फिरवला, कड चकचकीत झाली. बटण दाबलं. मग तुमच्या सासूबाई बोलल्या.

पडद्यावर आलं, फॉरिन काहीतरी सापडलं आहे. फॉरिन म्हणजे परकं, एवढं मला येतं. खाली विचारलं होतं, इम्पोर्ट करू की क्लिअर करू? इम्पोर्टसाठी आय दाबा, क्लिअरसाठी सी. आता आयात करायला मी काय बंदरावर बसलेय? आणि तुमचं पत्र डोळ्यासमोर: सगळ्यात आधी साफ. मी सी वर बोट नेलं.

हे मागे उभे होते. म्हणाले, "नको."

मी म्हटलं, "अहो, भाऊजींनी लिहिलंय."

"नको गं," म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मला "गं" म्हणाले. मी तेवढ्यानेच सुखावले, आणि सी दाबलं. नक्की का असं विचारलं, हो म्हटलं. मग "डन" असं आलं, म्हणजे झालं असणार. पण लिनक्स काही सुरू होत नाही. म्हणतं, डिस्कच नाही. चारही तर समोर बसल्यात.

ह्यांनी त्यानंतर दिवसभर तोंड भिंतीकडे केलं होतं. जेवले मात्र नीट.

आता पुढे काय करू?

— वहिनी

२५ जून

वहिनी,

काही बिघडलेलं नाही. आता मशीनला हात लावू नका. वायर काढून ठेवा.

चारही डिस्क आणि ते कार्ड माझ्याकडे पाठवा. प्रत्येक डिस्क वेगळ्या जाड कपड्यात गुंडाळा, खोक्यात हलू देऊ नका.

पाठवण्याआधी एक करा. त्या मुळात कुठल्या क्रमाने बसत होत्या ते मला हवं आहे. दादाला विचारू नका, विचारलं की तो गोंधळतो. नुसत्या त्याच्या हातात द्या आणि बघत राहा.

— भाऊजी

३ जुलै

भाऊजी,

तुमच्या पत्रात एकही टोमणा नाही. म्हणजे चांगलंच बिघडलंय. लपवू नका, मी तुम्हाला सव्वीस वर्षं ओळखते. वाईट बातमी असली की तुम्ही सरकारी पत्रासारखं लिहिता.

डिस्क ह्यांच्या हातात दिल्या. दिसायला चारही सारख्या, मला तर एकीची दुसरी ओळखू येईना. ह्यांनी एकेक उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि पलंगावर ओळीने मांडल्या. काय हात चालत होते. शर्टाची बटणं लावताना तेच हात रडवतात. मग इकडेतिकडे बघितलं, टीव्हीचा रिमोट उचलला आणि पहिलीच्या आणि दुसरीच्या मध्ये नेऊन ठेवला. मी गोळा करून परत दिल्या. परत तोच क्रम, परत मध्ये रिमोट. तिसऱ्यांदाही तेच. मला हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

रिमोट अर्थातच धरला नाही. बाकीच्यांवर एक, दोन, तीन, चार अशा चिठ्ठ्या लावून आज पार्सल केलं आहे. पार्सलवाला म्हणाला, "आत काय आहे?" मी म्हटलं, "मुलगी." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "सुटे भाग."

— वहिनी

२८ जुलै

वहिनी,

लपवत नाही. तो "क्लिअर" म्हणजे धूळ काढणं नव्हतं. कोणती डिस्क कुठली, फोटोचा कुठला तुकडा कुणाकडे, ही जी घराची मांडणी सासूने जपून ठेवली होती, ती आपण पुसून टाकली. डिस्कवरचे तुकडे जागच्या जागी आहेत. ते एकमेकांना कसे जुळतात, ते आता कुणाला माहीत नाही. बोट तुमचं, पण "साफ" हा शब्द माझा. त्या खोलीत शुद्धीवर असलेला माणूस एकच होता, आणि तो "नको" म्हणत होता.

आता मी काय केलं ते सांगतो. तुमच्या कार्डाच्या नादाला लागलो नाही, ते आता प्रत्येक डिस्कला परकीच म्हणणार. भंगारवाल्याकडून दुसरं आणलं, साधं. ते लावलं तर लिनक्सला कार्ड दिसलं, पण कार्डामागच्या डिस्क दिसेनात. कार्डाची भाषा लिनक्सला समजावून सांगणारा एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या कार्डाचा दुभाष्या नव्या लिनक्सने कामावरून काढून टाकलाय, म्हातारा झाला म्हणून. म्हणून जुनं लिनक्स शोधून घातलं. तिथे दुभाष्या जिवंत होता. डिस्क दिसल्या. पण हे कार्डही सासूपणा करायला लागलं, चौघींना आपल्याच मांडणीत बसवू म्हणालं. शेवटी त्याच्या चिपमधला कारभार पुसून बाळबोध कारभार भरावा लागला, म्हणजे ते स्वतः काही ठरवणार नाही, आहे तसं पुढे देईल. कार्डाला त्याची हुशारी विसरायला लावली तेव्हा कुठे ते उपयोगी पडलं.

हे वाक्य खोडायला घेतलं होतं, मग राहू दिलं. तुम्ही समजून घ्याल.

मग प्रत्येक डिस्कची नक्कल काढली आणि नकलांवरच काम केलं. दादाच्या क्रमाने जोडून बघितलं. जुळत नाही. दुसरे क्रम बघितले. चार डिस्क जितक्या प्रकारे मांडता येतात तितक्या सगळ्या प्रकारे मांडून झाल्या. एकदा एका फोटोचा वरचा पट्टा आला. निळा. आकाश असेल, किंवा तुमच्या जुन्या घराची भिंत. खाली सगळा करडा चिखल.

वहिनी, मला वाटतं हे होणार नाही. खोटी आशा दाखवण्यात मी दुकानात पटाईत आहे, तुम्हाला दाखवत नाही.

— भाऊजी

६ ऑगस्ट

भाऊजी,

वाचलं. तुम्ही जीव काढलात, मला दिसतंय. सोडून द्या.

इकडचं सांगते. आता मी ह्यांची कुणी नाही. म्हणजे आहे, कामाला येणारी बाई आहे. "अहो बाई, तुम्हाला उशीर होईल, घरचे वाट बघत असतील," असं रोज दिवेलागणीला सांगतात. फार सभ्यपणे. लग्न झाल्यापासून इतक्या आदबीने माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी चप्पल घालते, जिन्यापर्यंत जाते आणि परत येते. मग मला नव्याने "या, या" म्हणतात.

पण मंगळवारी एक झालं, त्यासाठी हे पत्र. डिस्क गेल्यापासून ह्यांना चैन नव्हती, हात रिकामे राहत. मी चार साबणाच्या वड्या दिल्या. त्याच मांडत बसतात, आणि दुसऱ्या जागी तो रिमोट. मंगळवारी टीव्ही फार मोठ्याने लागला होता म्हणून मी रिमोट उचलायला गेले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "ठेवा तिथेच. ती गेली म्हणून तिची जागा काढायची नसते."

मी म्हटलं, "कोण गेली?" ह्यांनी शेवटची वडी सरळ केली. पण आवाज त्यांचा होता, भाऊजी, आधीचा.

त्यांना आठवतंय. नाव गेलं असेल, चेहराही गेला असेल, पण ती होती आणि गेली हे आत कुठेतरी आहे. इतकी वर्षं ह्यांनी तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला वाटायचं, मी फोटो नकोत म्हटलं म्हणून मनातून रागावलेत. तर हे जागा धरून बसले होते. त्या दिवसापासून मी नीट झोपते आहे.

तेव्हा फोटो नाही मिळाले तरी चालेल. खरंच चालेल.

— वहिनी

१२ ऑगस्ट
(लिहिलं, पाठवलं नाही)

वहिनी,

तो खारूबद्दल बोलत नव्हता.

तुमचं पत्र वाचून मी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभा राहिलो, ते बिचारं विचारत होतं, प्रिंटर दुरुस्त होईल ना. हे वाक्य मी आधी ऐकलंय. दादाने मला हे काम शिकवलं तेव्हा याच शब्दांत शिकवलं. डिस्कला तो नेहमी "ती" म्हणायचा. सगळ्या डिस्क परत जोडताना लिनक्सला त्यांची नावं क्रमाने द्यायची असतात. त्यातली एखादी मेलेली असेल तर तिला गाळायचं नाही. तिच्या जागी "मिसिंग" असा शब्द लिहायचा. मी गाळली होती, तेव्हा त्याने माझ्या डोक्यात टपली मारून सांगितलं होतं, ती गेली म्हणून तिची जागा काढायची नसते, नाहीतर पुढच्या सगळ्या सरकतात आणि कुणाचं कुणाशी जुळत नाही.

डिस्क चार नव्हत्या, पाच होत्या. एक कधीतरी मेली, त्याने काढून टाकली, आणि उरलेल्या चौघी तिचा वाटा उचलत राहिल्या. रिमोट म्हणजे ती. तो प्रत्येक वेळी आपल्याला बरोबर उत्तर देत होता, आणि आपण त्यातला एक नग काढून बाजूला ठेवत होतो.

काल दुसऱ्या जागी "मिसिंग" लिहून बघितलं. सगळं आलं. निळी ती भिंतच आहे. खाली खारू उभी आहे, दोन्ही गालांत बिस्किटं कोंबून.

मला हे तुम्हाला कसं

१३ ऑगस्ट

वहिनी,

फोटो मिळाले. सगळे. काय चुकत होतं ते आपोआप सुचलं, त्यात माझी हुशारी काही नाही.

मोठ्या आकारात छापून सोबत पाठवतो आहे, मशीन वगैरेच्या भानगडीत दादाला पाडायला नको. वर जो आहे तो आधी दाखवा. त्यात ती समोर बघतेय. बिस्किटांचा आहे त्यात दादाची सावलीही आलीय, जमिनीवर, कॅमेरा धरलेली.

तुम्ही स्वतः बघायच्या आधी बसून घ्या.

— भाऊजी

२ सप्टेंबर

भाऊजी,

पाकीट मिळालं तेव्हा मी उभीच होते. मग ओट्याला टेकून बसले. तिच्या भुवया मी विसरले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला सगळं पाठ आहे, आणि भुवयाच विसरले होते.

ह्यांना दुपारी दाखवला, जेवण झाल्यावर, उजेडात. चष्मा पुसून दिला. पुष्कळ वेळ बघत होते. अंगठा कडेवरून फिरवला, डिस्कवर फिरवतात तसा. म्हणाले, "गोड आहे. तुमची का?"

मी म्हटलं, "हो. माझी."

"लहान आहे हो," म्हणाले. "आणि तिला घरी एकटं ठेवून तुम्ही इथे बसता? जा, जा तुम्ही. माझं काही अडत नाही." आणि उठून स्वतः माझी चप्पल पुढे सरकवली.

मी जिन्यापर्यंत गेले. या वेळी जरा जास्त वेळ थांबले.

फोटो मी भिंतीवर लावले आहेत, आधी जिथे होते तिथेच. खिळे होतेच. हे जाता-येता त्यांना नमस्कार करतात. शेजाऱ्यांची मुलं समजतात बहुतेक.

परवा ती पेटी पुसायला घेतली. रिकामीच आहे, म्हटलं आतूनही पुसावी. डिस्क सरकवायच्या खाचा आहेत ना आत, त्या पाच आहेत. त्या दिवशी मी वरून चार भरल्या होत्या आणि खालची तशीच सोडली होती. तेव्हा डोक्यात काही आलं नाही. आता खाचांत बोट घालून बघितलं. चार चकचकीत होत्या. दुसरीत जुनी, चिकट धूळ होती, ब्रशलाही न निघालेली, वर्षांची. ती पुसली नाही. झाकण लावून टाकलं.

तुम्ही लिहिलंत, आपोआप सुचलं. तुम्हाला आपोआप काही सुचल्याचं या घराने अजून पाहिलेलं नाही. पण मी विचारत नाही आणि तुम्हीही सांगू नका. ते काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. कुणाबद्दल म्हणाले, ते माझ्याकडे राहू द्या.

आता फोन केलात तरी चालेल. कोण गेलं असं हे विचारत नाहीत हल्ली.

— वहिनी